दिवाळीला तुमच्या नावाने देणगी आली तर

दिवाळीत फराळासोबत आता ‘तुमच्या नावाने देणगी दिली’ असे कार्डही येते. भेट सुंदरच आहे, पण पावती नीट वाचा. पैसे ज्याच्या खात्यातून गेले, पावतीवर नाव आणि पॅन त्याचाच हवा. देणगीवरची आयकर वजावटही (‘80जी’) त्यालाच मिळते. तुमचे नाव फक्त ‘यांच्या सन्मानार्थ’ या रकान्यात. पॅन तुमचा घातला, तर संस्थेने आयकर खात्याला दिलेल्या तपशिलात आणि प्रत्यक्ष व्यवहारात मेळ बसत नाही आणि वजावट अडकते. 2000 रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीला वजावट नाही, नव्या करप्रणालीत तर मुळीच नाही.

परदेशातून भाचा अशी देणगी पाठवणार असेल, तर त्याचा पासपोर्ट कोणत्या देशाचा ते विचारा. भारतीय असेल तर बँकेतून आलेली त्याची देणगी विदेशी धरत नाहीत. नागरिकत्व बदलले असेल तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) असूनही ती विदेशीच. मग संस्थेकडे एफसीआरए (विदेशी देणग्यांचा कायदा) खालची नोंदणी हवी, आणि रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या तिच्या ठरावीक खात्यातच यायला हवी. संस्था निवडण्याआधी त्याला एवढे जरूर कळवा.