तुम्ही विचारलंत म्हणून: सिम नसलेला प्लेयर कुठला घेऊ?

माझ्या हातात तो काडेपेटीएवढा प्लेयर दिसला की कोणी ना कोणी विचारतंच. “हे अजून मिळतं?” आणि लगेच पुढचा, खरा प्रश्न: “मलाही असंच काहीतरी हवंय. गाणी ऐकता येतील, जमलं तर व्हिडिओही बघता येतील, पण सिम नको, रिचार्ज नको, दर महिन्याची कटकट नको. काय घेऊ?” कोणाला मुलासाठी हवा असतो, कोणाला झोपताना उशाशी फोन नको असतो, कोणाच्या घरी म्हातारं माणूस असतं. प्रत्येकाला तोंडी सांगताना काहीतरी निसटतं, म्हणून एकदा नीट लिहिते.

माझ्याकडे हा प्लेयर आला तो आईमुळे. तिची दृष्टी मंदावली आणि वाचन सुटलं. जन्मभर पुस्तकांत बुडालेली बाई नुसती बसून राहायला लागली. मी तिला फोनवर पुस्तकं लावून द्यायचे. पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, “अगं, या काचेवर बोट कुठे ठेवायचं तेच मला कळत नाही. सगळी काच सारखीच लागते.” तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं. टचस्क्रीन डोळ्यांसाठी आहे, बोटांसाठी नाही. मध्येच फोन वाजायचा, जाहिरात यायची, अपडेटचा चौकोन उघडायचा आणि पुस्तक कुठेतरी हरवून जायचं. तिला हवं होतं दाबता येईल असं बटण. मग माझा शोध सुरू झाला.

पूर्वी या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता यायचं: आयपॉड टच. फोन सोडून फोनमधलं जवळजवळ सगळं त्यात होतं, वायफायवर चालायचा, सिमचा संबंधच नाही. १० मे २०२२ रोजी ॲपलने तो बंद करत असल्याचं जाहीर केलं. २००१ साली ५ जीबीच्या डिस्कवर हजार गाणी घेऊन सुरू झालेली आयपॉडची मालिका तिथे संपली. जुने टच अजून सेकंड-हँड मिळतात, पण शेवटचं मॉडेलही ॲपलच्या आयओएस १५ या प्रणालीच्या पुढे जात नाही आणि आतली बॅटरी चिकटवलेली असते. गाण्यांच्या फाइली वाजवायला हरकत नाही, पण ॲप्सच्या भरवशावर तो आता घेऊ नका, असंच मी सांगते.

तर मग काय घ्यायचं? इथे मी उलट एक प्रश्न विचारते आणि बहुतेक जण गोंधळतात: तुमची गाणी राहतात कुठे?

कारण सगळं त्यावरच ठरतं. तुम्ही महिन्याचे पैसे भरून एखाद्या ॲपवर ऐकत असाल, तर ती गाणी तुमच्याकडे नाहीत. “पण मी डाउनलोड केलीत ना!” असं लोक म्हणतात. ते डाउनलोड कुलूप लावलेलं असतं आणि किल्ली त्या ॲपकडेच राहते. ती फाइल उचलून साध्या प्लेयरमध्ये टाकली तर वाजत नाही. स्पॉटिफायचं उदाहरण घ्या: ऑफलाइन ठेवलेली गाणी चालू राहायला निदान ३० दिवसांतून एकदा इंटरनेटला जोडावं लागतं. म्हणजे ॲप हवं असेल तर ॲप चालणारं यंत्र हवं, आणि अधूनमधून का होईना वायफाय हवं. तुमच्याकडे स्वतःच्या फाइली असतील तर मात्र सगळ्यात साधा, बटणांचा प्लेयरही पुरतो, आणि तो इंटरनेटचं तोंडही बघत नाही.

ॲप ज्यांना हवं आहे त्यांच्यासाठी आधी घरातला जुना फोन. नवीन काही घ्यायच्या आधी तो कपाटातून बाहेर काढा. सिम काढा, सगळा डेटा पुसून फोन कोरा करा आणि एअरप्लेन मोड लावा. एअरप्लेन मोड महत्त्वाचा, कारण सिम नसलं तरी फोन आसपासचे टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी उगाच खर्ची पडते. एअरप्लेन मोड ठेवूनही वायफाय आणि ब्लूटूथ वेगळे चालू करता येतात, हे पुष्कळांना माहीतच नसतं. त्यात व्हीएलसी हे मोफत ॲप टाकलं की गाणं असो, सिनेमा असो, जवळपास कुठलीही फाइल चालते. ज्यांना व्हिडिओ बघायचेत त्यांना माझं पहिलं उत्तर हेच, नाहीतर फक्त वायफायवर चालणारा छोटा टॅब्लेट. छोट्या प्लेयरच्या टीचभर पडद्यावर व्हिडिओ बघण्यात सुख नाही, आणि त्यातले बरेचसे प्लेयर ठरावीक साच्यातली फाइलच घेतात, मग प्रत्येक व्हिडिओ आधी कॉम्प्युटरवर बदलून घेत बसा. जुन्या फोनबाबत दोनच गोष्टी सांभाळा: त्याचे सुरक्षा अपडेट थांबलेले असतील तर त्यावर बँकेचं काही ठेवू नका, आणि पाठ जराही फुगलेली दिसली तर तो चार्जिंगला लावू नका. ती बॅटरी गेलेली आहे.

दुसरी वाट म्हणजे सिमची जागाच नसलेले अँड्रॉइड प्लेयर. सोनीने १९७९ मध्ये वॉकमन आणला, ते नाव अजून चालू आहे. त्यांच्या एनडब्ल्यू-ए३०६ सारख्या मॉडेलवर ॲप्स चालतात, मेमरी कार्ड बसतं आणि आवाजाकडे खास लक्ष दिलेलं असतं. फियो, हायबाय, शानलिंग या कंपन्याही असे प्लेयर बनवतात. ऐकायची खरी आवड असेल आणि चांगले तारेचे हेडफोन जवळ असतील तर हे जरूर बघा. ब्लूटूथवरच ऐकणार असाल तर मात्र जपून. हेडफोनला सिग्नल ब्लूटूथने गेला की डिजिटलचं आवाजात रूपांतर त्या हेडफोनच्या आत होतं; प्लेयरमधल्या ज्या भारी सर्किटसाठी तुम्ही जास्तीचे पैसे मोजले, ते तेव्हा कामालाच येत नाही.

आणि तिसरा, माझ्या आवडीचा: बटणांचा साधा एमपी३ प्लेयर. सॅनडिस्कचे क्लिप मालिकेतले प्लेयर हे त्याचं नेहमीचं उदाहरण. १९९८ मध्ये रिओ पीएमपी३०० नावाचा प्लेयर आला होता, त्यात ३२ एमबी जागा होती, म्हणजे जेमतेम अर्धा तास गाणी. आता ३२ जीबीचं कार्ड नखाएवढं असतं. हिशोब सोपा आहे. केबीपीएस म्हणजे आवाजाच्या दर सेकंदाला किती डेटा लागतो त्याचं माप: १२८ केबीपीएसच्या एमपी३ला मिनिटाला साधारण १ एमबी लागतो, ३२० केबीपीएसला सुमारे अडीच. फ्लॅक म्हणजे मूळ आवाजातलं काहीही न गाळता आवळलेली फाइल. पाच मिनिटांचं गाणं त्यात २५-३० एमबीपर्यंत जातं. नुसतं बोलणं असेल, पुस्तक किंवा व्याख्यान, तर ६४ केबीपीएस मोनोही, म्हणजे दोन्ही कानांना एकच आवाज, छान ऐकू येतं. म्हणून बोलक्या पुस्तकांसाठी मोठ्या कार्डाच्या मागे लागायचं कारण नाही.

कार्डावरून आठवलं, आणि हे सांगायलाच हवं. आईसाठी मी घेतलेला पहिला प्लेयर १२८ जीबीचा म्हणून घेतला होता. कॉम्प्युटरला जोडला, कॉम्प्युटरनेही १२८ दाखवले. पुस्तकं भरली, सगळी नावं दिसली. आई ऐकायला बसली, पहिली काही पुस्तकं नीट वाजली आणि मग नुसती शांतता. फाइलचं नाव आहे, लांबी आहे, आत काही नाही. खरी जागा ८ जीबीच्याही खाली होती. अशा वस्तूंत आतल्या चिपला खोटं सांगायला शिकवलेलं असतं: ‘मी मोठी आहे’ असं ती कॉम्प्युटरला सांगते, आणि खरी जागा भरली की पुढचं लिहिलेलं हवेत जातं किंवा आधीच्यावर चढतं. कॉपी करताना एकही एरर येत नाही, हेच त्यातलं वाईट. तेव्हापासून प्लेयर असो वा कार्ड, आल्या दिवशी मी त्याची परीक्षा घेते. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि लिनक्स किंवा मॅकवर एफ३ हे फुकट प्रोग्राम सगळी जागा भरून परत वाचून बघतात आणि खरा आकडा सांगतात. वेळ लागतो, पण परत करायची मुदत संपायच्या आत हे करा. आई त्या दिवशी काही बोलली नाही, पण दोन दिवस तिने प्लेयरला हात लावला नाही, ते मला फार लागलं.

दुसरा प्लेयर आला तेव्हा वेगळीच गंमत झाली. पुस्तक सुरू झालं आणि तासाभराने आईने हाक मारली, “अगं, हा माणूस मघाशी गेला ना? मग आता परत बोलतोय कसा?” प्लेयरने पहिल्यानंतर दुसरं नाही, दहावं प्रकरण लावलं होतं, मग अकरावं, आणि शेवटी दुसरं. यंत्र नावं अक्षरांप्रमाणे लावतं. त्याला १ नंतर १० दिसतो, २ नव्हे. फाइलींची नावं ०१, ०२, ०३ अशी ठेवली की प्रश्न मिटतो. काही स्वस्त प्लेयर तर नावही बघत नाहीत, ज्या क्रमाने फाइल कॉपी झाली त्याच क्रमाने वाजवतात. तिथे एकेक करून कॉपी करा. देवनागरी नावांची खात्रीही आधीच करून घ्या; बऱ्याच छोट्या प्लेयरांत देवनागरी अक्षरंच नसतात, पडद्यावर नुसते चौकोन दिसतात. मी फाइलींची नावं रोमन लिपीत ठेवते आणि ओळखीसाठी प्रत्येक पुस्तकाच्या सुरुवातीला माझ्या आवाजात त्याचं नाव रेकॉर्ड करून टाकते. आईला त्याचाच जास्त उपयोग होतो.

पुस्तकांसाठी घेत असाल तर एक गोष्ट आवर्जून विचारा: बंद करून चालू केल्यावर सोडलेल्या जागेपासून सुरू होतं का? काही प्लेयरांत ऑडिओबुकसाठी वेगळं फोल्डर असतं आणि त्यातल्या फाइलींपुरतीच जागा लक्षात ठेवली जाते. जुना आयपॉड (टच नव्हे, त्याआधीचे काही) किंवा सॅनडिस्कचाच जुना सान्सा क्लिप हाती लागला, तर रॉकबॉक्स नावाची मोफत प्रणाली त्यावर चढवता येते. त्यात कुठवर ऐकलं त्याच्या खुणा ठेवता येतात, आणि मेनू मोठ्याने वाचून दाखवायची सोयही असते. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी कोणीतरी इतक्या आस्थेने हे करून ठेवलंय, याने मला अजून भरून येतं.

एफएम रेडिओ हवा असेल तर तारेचे हेडफोन लागतील, कारण बहुतेक प्लेयरांत तीच तार अँटेना असते. कार्ड ३२ जीबीपेक्षा मोठं घेताना प्लेयर ते वाचतो का बघा. मोठी कार्डं एक्सफॅट पद्धतीने आखलेली येतात आणि जुने प्लेयर फॅट३२ ही जुनी पद्धत सोडून काही ओळखत नाहीत.

आता फाइली आणायच्या कुठून, हेही विचारता. घरातल्या सीडी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. ते काम एकदाच करावं लागतं. बँडकॅम्प या वेबसाइटवर गाणी विकत घेतली की कुलूप नसलेली फाइल मिळते, एमपी३ हवी तर एमपी३, फ्लॅक हवी तर फ्लॅक. लिब्रिवॉक्स या वेबसाइटवर हक्क संपलेली पुस्तकं स्वयंसेवकांनी वाचून ठेवली आहेत, ती मोफत उतरवता येतात. पॉडकास्ट तर बहुतेक वेळा साधी एमपी३ फाइलच असते. आणि घरच्यांचे आवाज रेकॉर्ड करा. आईच्या प्लेयरमध्ये सगळ्यात जास्त वाजतं ते एक जुनं रेकॉर्डिंग आहे, मावशी तिला आपल्या लहानपणीची कसलीशी आठवण सांगतेय आणि दोघी हसतायत, अकरा मिनिटांचं.

बटणाचंही सांगते. मधल्या बटणावर मी नेलपॉलिशचा एक जाडसर थेंब सोडला आणि रात्रभर वाळू दिला. आई प्लेयर हातात घेते, अंगठा कडेने फिरवत आणते, तो उंचवटा लागला की थांबते आणि दाबते. डोळे बहुतेक वेळा मिटलेलेच असतात.