कळव्याचा रुमाल : मोडी वाचनाची नोंद

कळव्यातील एका कुटुंबाने वाचनासाठी दिलेल्या मोडी रुमालातील (कापडात बांधलेल्या जुन्या कागदांच्या गठ्ठ्यातील) सावकारी रोखे आणि भाताच्या याद्या वाचून झाल्या असून आता पत्रांचे पुडके तेवढे उरले आहे. या याद्यांत सरदार नाहीत की लढाया नाहीत. कोणी किती भात घातले, कोणाकडे किती बाकी राहिली आणि ती पुढच्या साली कशी फिरवली, एवढाच त्यांचा विषय आहे. मला मात्र रुमालातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण ज्या कुळांची नावे दुसऱ्या कोणत्याही कागदात सापडण्याचा संभव नाही, ती येथे हिशेबाच्या निमित्ताने टिकून राहिली आहेत.

लेखनिकाचा हात घाईचा आहे. मोडीत शब्दांमध्ये अंतर नसते आणि ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळला जात नाही, हे आपणा सर्वांना ठाऊक आहेच. परंतु या याद्यांत खरी कसोटी लागते ती उभ्या रेघांची. अक्षरापुढे ॥ आले तर तो संक्षेप आणि आकड्यापुढे आले तर अर्धा. ‘ता॥’च्या पुढे गावाचे नाव असेल तर ‘तर्फ’ (गावांचा समूह) आणि तिथी असेल तर ‘तागायत’ (पर्यंत) असे धरून चालता येते. ‘मण ५॥।’ म्हणजे पावणेसहा मण. पण शेवटची रेघ पुसट झाली की तेच साडेपाच वाचले जातात आणि कुळाच्या खात्यातले दहा शेर नाहीसे होतात. म्हणून प्रत्येक यादीची बेरीज, चाळीस शेरांचा मण आणि वीस मणांची खंडी या हिशेबाने, पुन्हा मांडून पाहिल्याशिवाय मी ती वाचली असे म्हणत नाही.

रुमालात एका इनामपत्राची नक्कलही निघाली. तीवर ‘सबा सलासीन मया व अलफ’, म्हणजे शुहूर सन (मराठी कागदांतील अरबी अंकनामांची कालगणना) ११३७ आहे. हे साल मृगापासून सुरू होत असल्याने जूननंतरच्या महिन्यांसाठी ५९९ आणि जानेवारीपासून पुढे ६०० मिळवले की इसवी सन १७३६-३७ येते. मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला तो मार्च १७३७ मध्ये, म्हणजे याच सालात. समाजमाध्यमावर छायाचित्र टाकण्यासाठी याहून सोयीचा कागद मिळणार नाही. अडचण एवढीच की त्यात किल्ल्याचा उल्लेखसुद्धा नाही.

बोरूने वळणदार मोडीत नावे लिहून ती प्रसृत करणाऱ्यांविषयी माझी तक्रार नाही. त्यामुळे लिपीकडे चार माणसे वळतात. तथापि कौतुक कशाचे होते हे एकदा कळले की कागद निवडतानाच नजर थोर नावे शोधू लागते, आणि भाताच्या याद्या आपोआप तळाशी जातात. पेशवे दप्तरातील (पेशव्यांच्या कारभाराच्या कागदसंग्रहातील) निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात छापले गेले. ती अखेर निवडच होती, आणि न निवडलेल्या कागदांचा ढीग त्याहून कितीतरी मोठा आहे. हौशी वाचकाला ना पदाची चिंता ना प्रकाशकाची घाई, त्यामुळे त्या ढिगाकडे जाण्याची मोकळीक खरे तर त्यालाच आहे.

वाहवा नको असली तरी तपासणारा हवाच. ऐरोलीला राहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका, ज्यांना आम्ही सारे बाई म्हणतो, माझे लिप्यंतर न पाहता तोच कागद स्वतंत्रपणे वाचतात आणि मग आम्ही दोन्ही वाचने ओळीओळीने ताडून पाहतो. त्यांच्या शेऱ्यांत ‘छान’ हा शब्द नसतो. ‘ओळ चौथी, तर्फ नव्हे, तागायत’ एवढेच असते. मतभेद मिटला नाही तर दोन्ही वाचने वहीत शेजारी शेजारी ठेवली जातात.

पत्रांच्या पुडक्यात हात बदललेला दिसतो आणि शाई बरीच फिकट आहे. तेव्हा आधी या नव्या हाताचा अक्षरतक्ता तयार करून, ‘पौ॥ छ’ने (पत्र पोचल्याच्या तारखेच्या खुणेने) सुरू होणाऱ्या पोचेच्या नोंदी वेगळ्या काढून पत्रांचा क्रम लावणार आहे. लिप्यंतराच्या दोन प्रती होतील : एक कळव्याच्या कुटुंबाकडे रुमालासोबत राहील, दुसरी बाईंकडे.