श्रावणात नाताळचा खून

नाताळची खूनकथा मी श्रावणात लिहिली. दिवाळी अंकाला मजकूर १५ ऑगस्टच्या आत हवा होता, त्याला इलाज नव्हता. बाहेर पुण्याचा पाऊस, ओट्यावर तीस अंडी आणि हॉलमध्ये श्रावण पाळणाऱ्या सासूबाई.

कथा मला रक्तपाताची नको होती. समुद्राकाठचं छोटं गाव, एकमेकांना ओळखणारी माणसं, खून पडद्याआड, छडा लावणारी एक निवृत्त शिक्षिका, आणि सगळा गुंता स्वयंपाकघरात सुटणारा. इंग्रजीवाले याला कोझी म्हणतात. मी घरात ‘दुलईतली खूनकथा’ म्हणायचे. गाव बाणावलीच्या आसपासचं, नाव मनाचं. रात्र २४ डिसेंबर २०२४ ची. म्हातारा घरमालक मरतो, आणि मारते त्याची बायको. (अंक येऊन गेलाय, म्हणून सांगतेय.)

पहिला खर्डा आठ दिवसांत झाला. तेव्हा मात्र खुनी मुलगा होता. बाप मृत्युपत्रातून त्याला पार बेदखल करतो म्हणून.

“गोव्यात?” माझ्या वकील मैत्रिणीनं विचारलं. तिथे पोर्तुगीज काळापासून चालत आलेला नागरी कायदा आहे. निम्म्या मिळकतीवरचा मुलांचा हक्क बापाला मृत्युपत्रानं उडवता येत नाही. वर, घर विकायचं तर बायकोचीही सही लागते. बायकोची सही! म्हातारा तिची खोटी सही करून घर बिल्डरच्या घशात घालायला निघतो, हा नवा हेतू तिथेच सापडला. जाता जाता तिनं कलम ३०२ वर काट मारली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, खुनाचं कलम आता १०३. ‘एकशे तीनचा आरोपी’ माझ्या कानाला काही केल्या रुचेना. फौजदाराच्या तोंडचं कलमच काढून टाकलं.

मग वेंगुर्ल्याचे मामा. माझ्या कथेत मध्यरात्रीची मिसा, म्हणजे चर्चमधली नाताळची प्रार्थना, सुटते, लोक चांदण्यात किनाऱ्यानं परततात आणि उधाणाची लाट म्हाताऱ्याचा बूट बाहेर टाकते. मामांनी फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तिथ खयची, ता सांग आधी.” पंचांग काढलं तर मार्गशीर्ष वद्य नवमी. नवमीला कसलं उधाण, ती भांगाची, म्हणजे कमी चढणारी भरती. आणि तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. नऊची पाऊणपट पावणेसात. म्हणजे संध्याकाळी पावणेसातला भरती, आणि मिसा सुटेपर्यंत पाणी पार ओसरलेलं. चंद्रही मध्यरात्र उलटल्यावर उगवणार, म्हणजे चांदणंही गेलं. शेवटी बूट ओहोटीच्या चिखलात, टॉर्चच्या उजेडात सापडला. खरं तर तेच जास्त बरं दिसतं.

राहिली बेबिंका. सगळी कथा तिच्यावर उभी होती. ही गोव्याची थराथरांची मिठाई एकदा चुलीवर चढली की सोडून उठता येत नाही. बायको म्हणते, मी आठ वाजल्यापासून जागची हललेच नाही. पण एक थर करपलेला असतो, आणि शिक्षिका त्यावरून वेळ काढते. मडगावच्या मैत्रिणीच्या आईला, म्हणजे आमच्या आंटींना, मी हे मोठ्या ऐटीत सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, “तू केलीस कधी?”

केली नव्हती. मग केली. नारळाचं जाड दूध, साखर, मैदा, जायफळ आणि दहा अंड्यांचे फक्त बलक. भांड्यात तूप, त्यावर पळीभर पीठ, आणि आच वरून. आंटींच्या आईकडे झाकणावर नारळाच्या सोडणांचे निखारे ठेवत. माझ्याकडे ओटीजी ओव्हनचा वरचा रॉड. थर तांबूस झाला की चमचाभर तूप, मग पुढची पळी. सात थर, थराला पंधरा मिनिटं. पहिली बेबिंका काठाला काळी आणि मध्ये कच्ची निघाली. दुसरी जमली, आणि तिचा तिसरा थर मी मुद्दाम करपवला, कारण कथेत खून साडेआठच्या पुढे होता. भांड्यातच कापून फोटो पाठवला.

लगेच फोन. “बाय, उलटी केल्याबगर कोण कापता ती?”

ताटात उलटी केली आणि मी ओट्याला टेकूनच उभी राहिले. तिसरा थर खालून पाचवा झाला होता.

रात्री बसून कथा उलटी केली. शिक्षिका ताटातली बेबिंका बघते, करपलेला थर खालून तिसरा मोजते. म्हणजे साडेआठ ते पावणेनऊ. त्या वेळी तर म्हातारा बल्कांवावर, म्हणजे दारापुढच्या ओसरीवर, बसलेला शेजाऱ्यांनी पाहिलाय! बायको सुटते. मग चार पानांनी शिक्षिकेच्या लक्षात येतं की आच वरून असते, तर करपलेलं तोंड वर हवं. इथे ते खाली आहे. म्हणजे थर पाचवा, वेळ नऊ ते सव्वानऊ. खात्रीसाठी तिसरी बेबिंका केली, पाचवा थर करपवून. बरोबर खालून तिसरा आला.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. आपली भांडी तेवढी उचलून दुसऱ्या कपाटात नेली. तीस अंड्यांचं पांढरं वरच्या मजल्यावरच्या जिमवाल्या मुलांना गेलं. ती अजून जिन्यात भेटली की पुढची कथा कधी म्हणून विचारतात.

अंक आला तसा आंटींना पाठवला. चार दिवसांनी त्यांचा फोन. खुनी ओळखलात का, मी विचारलं. तो विषय त्यांच्या डोक्यातच नव्हता.

“दहा बलक घातलेस,” त्या म्हणाल्या, “मग त्या बाईनं पांढऱ्याचं काय केलं?”