पेन्शनवर आल्यानंतरचं पहिलं वर्ष

पोस्टिंग काश्मीरला पडलं की फौजीच्या घरात फोन येईपर्यंत कुणाला जेवण जात नाही. तो पेन्शनवर आला की देवाला नारळ फुटतो आणि काळजी संपली असं सगळे धरून चालतात. तिथेच चुकतं.

अमेरिकेत ३९ लाख सैनिकांच्या नोंदी तपासलेला एक अभ्यास २०१५ मध्ये आला. मोहिमेवर जाण्याचा आणि आत्महत्येचा थेट संबंध त्यात सापडला नाही. फौज सोडण्याचा सापडला. याचा अर्थ सीमेवर मनाला काही होत नाही असा नाही. तिथे पहाटेच्या पीटीपासून रात्रीच्या रोल कॉलपर्यंत दिवस आखलेला असतो, शेजारच्या खाटेवर पलटणीतला माणूस असतो. पस्तिशी-चाळिशीत हे सगळं एका तारखेला बंद होतं आणि इतकी वर्षं दाबलेलं वर येतं.

कसं दिसतं? रात्री तीनदा उठून दाराची कडी बघणं. लग्नात भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसणं. सुतळी बॉम्ब वाजला की घामाघूम. मुलाच्या हातून पेला पडला तरी भडका. हे महिन्याहून जास्त टिकलं तर ‘स्वभाव बदलला’ म्हणून सोडू नका, पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मनाला होणारा आजार, असू शकतो. झोपेसाठी कॅन्टीनची रम हा सगळ्यात वाईट इलाज. डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप मोडते, स्वप्नं जास्त पडतात.

तो सांगत नाही, त्याचं कारण नोकरीत आहे. फौजेत तब्येतीची वर्गवारी ‘शेप’ने होते, त्यातला ‘एस’ मनाचा. एस-वन म्हणजे मन पूर्ण ठीक; ते गेलं म्हणजे कॅटेगरी पडली. मग प्रमोशन, चांगलं पोस्टिंग सगळ्याची धास्ती. पंधरा-सतरा वर्षं लपवायची सवय लागलेली असते. आता कॅटेगरी पडायची नाही, हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगावं लागतं.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. सैनिक आणि त्यांच्या घरच्यांसाठी त्याचा वेगळा कक्ष १ डिसेंबर २०२३ ला पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात, सुरू झाला. ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड असेल तर तिच्या पॉलिक्लिनिकमधून मानसोपचारतज्ज्ञाकडे रेफरल घ्या. जिवावरचा प्रसंग असेल तर रेफरलची वाट बघू नका, जवळचं हॉस्पिटल गाठा. ते ईसीएचएसच्या यादीतलं नसेल तर ४८ तासांत पॉलिक्लिनिकला कळवा.

या आजारावर डॉक्टर देतात त्या सर्ट्रालिनसारख्या गोळ्यांचा गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात. मळमळ, अस्वस्थता मात्र पहिल्या आठवड्यातच येते, आणि ‘गोळी मानवत नाही’ म्हणून घरचेच बंद करतात. त्रास डॉक्टरांना सांगा, गोळी आपल्या मनाने थांबवू नका. आघातावरची थेरपी, म्हणजे बोलून करायचा उपचार, वेगळी मागा. तिची आठवड्याला एक अशी साधारण आठ ते पंधरा सत्रं होतात.

आता बंदूक. बँकेच्या किंवा कॅश व्हॅनच्या नोकरीसाठी बऱ्याच जणांकडे लायसन्सची बारा बोअर असते. इस्रायलने २००६ मध्ये सैनिकांना आठवड्याच्या सुट्टीत शस्त्र घरी नेणं बंद केलं, आणि आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. तीव्र ऊर्मी बहुतेकदा काही मिनिटांत, काही तासांत ओसरते. तेवढा वेळ साधन हाताशी नसलं पाहिजे. निवडणुकीत करतात तशी बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, पावती घ्या. शेतीची औषधं कुलपात आणि किल्ली भावकीत दुसऱ्याच्या घरी.

विचारायचं कसं? ‘काही वेडंवाकडं मनात नाही ना?’ याला उत्तर ‘नाही’च येणार, प्रश्नातच ते दिलेलं आहे. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने डोक्यात भरत नाही. ‘हो’ म्हणाला तर पोराबाळांची शपथ घालू नका, वाद घालू नका. जवळ बसा, एकटं सोडू नका आणि त्याच्यासमोरच फोन लावा. पोलीस केसच्या भीतीने दवाखानाही टाळू नका. मानसिक आरोग्य कायदा २०१७ चं कलम ११५ अशा माणसाला तीव्र तणावाखालचा मानतं, गुन्हेगार नाही. हॉस्पिटलात एमएलसी, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणाची, नोंद होते, ती फक्त नोंद.

जानेवारी २०२३ मध्ये ट्रेनिंगला लागलेल्या पहिल्या अग्निवीरांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीस भरतात. योजनेच्या मूळ अटींप्रमाणे घरी परतणाऱ्यांना ना पेन्शन, ना ईसीएचएस. त्यांच्या घरच्यांनी १४४१६ आणि जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार ओपीडीचा वार आत्ताच लिहून ठेवावा.