सुपरवायझर होतो, पण कागदावर नव्हतो

सेफ्टी ऑफिसर कसा झालास, असं कोणी विचारलं की मला आधी तो अनुभवाचा दाखला आठवतो. कोर्स, परीक्षा, इंटरव्ह्यू हे सगळं होऊन गेलं, त्यातलं आता धड आठवतही नाही. पण नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या गेटवरचा बाक, त्याची हलणारी फळी आणि ‘एचआर साहेब मीटिंगमध्ये आहेत’ हे वाक्य जन्मात विसरणार नाही. मे ते सप्टेंबर २०१९, चार महिने. आणि कशासाठी, तर पत्रातल्या एका ओळीसाठी.

कॉलेजची पोरं फोन करतात, “दादा, सेफ्टीचा कोर्स कुठे करू? फी किती?” दाखल्याचं कोणीच विचारत नाही. म्हणून लिहायला बसलो.

आधी नियम. कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ४०-ब प्रमाणे हजार किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात, किंवा काम धोक्याचं आहे असं सरकारचं मत असेल तिथे, सुरक्षा अधिकारी नेमायला लागायचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कामगारांच्या सुरक्षा-आरोग्याची नवी संहिता लागू झाली, त्यात कारखान्यांसाठी हा आकडा ५०० वर आला आहे आणि धोकादायक प्रक्रिया असेल तर २५० वर. जागा वाढतील म्हणतात. वाढोत बिचाऱ्या. माझ्या वेळी पात्रता बघायची ती महाराष्ट्राच्या १९८२ च्या नियमांत: इंजिनिअरिंगची पदवी, कारखान्यात ‘सुपरवायझरी कपॅसिटी’त, म्हणजे देखरेख करणाऱ्याच्या नात्याने, किमान दोन वर्षं अनुभव, सरकारमान्य सेफ्टी डिप्लोमा, आणि तिथल्या बहुतेक कामगारांची भाषा यायला हवी. मी घाईघाईत वाचलं ते असं: पदवी, दोन वर्षं, डिप्लोमा. मधले दोन शब्द डोळ्यांखालून गेले, पण डोक्यात शिरले नाहीत.

‘सरकारमान्य’ हा शब्दही नीट वाचा. विजेच्या खांबांवर ‘सहा महिन्यांत सेफ्टी ऑफिसर बना’ असे बोर्ड लागलेले असतात. त्यातली बरीच सर्टिफिकेटं भिंतीवर लावायला बरी, या पदासाठी चालत नाहीत. राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाचा अ‍ॅडव्हान्स डिप्लोमा किंवा मुंबईत सायनला केंद्रीय श्रम संस्था आहे तिथला, असं काही तरी हवं. फी भरण्याआधी विचारा, भरल्यावर नको. माझा एक मित्र भरल्यावर विचारायला गेला होता.

आता माझं. मेकॅनिकल झालो आणि जुलै २०१६ मध्ये अंबडला एका प्रेस शॉपमध्ये लागलो, ‘ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी’ म्हणून. प्रेस म्हणजे पत्रा दाबून कापायचं, वाकवायचं मशीन; आम्ही गाड्यांचे छोटे छोटे पत्र्याचे पार्ट काढायचो. दसऱ्याच्या सुमारास तिसऱ्या पाळीचा माणूस सोडून गेला आणि साहेब म्हणाले, “आजपासून थर्ड तू बघ.” पगार तोच, पद तेच, पण रात्री अकरानंतर बावीस माणसं आणि नऊ प्रेस माझ्याकडे. मला तेव्हा फार भारी वाटलं होतं.

नोव्हेंबरमध्ये एका रात्री ६३ टनी प्रेसवर एका ऑपरेटरच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं पेर गेलं. प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी दाबायची, म्हणजे स्ट्रोक खाली येताना दोन्ही हात बाहेर असतात. चांगल्या प्रेसवर ती दोन्ही जवळजवळ एकाच वेळी, अर्ध्या सेकंदाच्या फरकाने दाबावी लागतात, आणि दर स्ट्रोकनंतर दोन्ही सोडावी लागतात. आमची प्रेस जुनी होती. त्याने एका बटणाच्या फटीत घडी घातलेला पुठ्ठा कोंबला होता. एका हाताने बटण, दुसऱ्या हाताने पार्ट. तासाचा आकडा गाठायचा तर सगळे हेच करायचे. खरं सांगायचं तर तो पुठ्ठा मला आठ दिवसांपासून दिसत होता. आकडा माझाही होता.

गाडी बोलावली, बोटावर स्वच्छ कापड दाबून धरलं, दवाखान्यात नेलं. सकाळी सातला परत आलो तर हातात मेमो. तो घरी नेऊन आईकडे फेकला आणि झोपलो. सेफ्टीकडे वळायचं ते त्या रात्रीमुळे. पण हे सगळं मला नंतर सुचलेलं, तेव्हा नुसती भीती वाटत होती.

जुलै २०१७ ला ‘इंजिनिअर – प्रॉडक्शन’ झालो, जानेवारी २०१९ ला सोडलं. एकूण दोन वर्षं सात महिने. पुढे फायर एक्स्टिंग्विशर भरून देणाऱ्या एजन्सीत लागलो, दिवसभर सातपूर, अंबड, गोंदे, सिन्नर गाडीवर फिरायचं. तिथेच एका सेफ्टी ऑफिसरने कोर्सचं सांगितलं.

कोर्सच्या प्रवेशाच्या टेबलावरच्या मॅडमनी प्रेस शॉपच्या कंपनीने दिलेलं माझं अनुभवाचं पत्र दोनदा वाचलं. “ट्रेनीचं वर्ष धरता येत नाही. राहिले एक वर्ष सात महिने. त्यातही सुपरवायझर होतात असं कुठे लिहिलंय?” मी म्हटलं, एजन्सीचे महिने धरा. म्हणाल्या, “ती फॅक्टरी आहे का?” नव्हती. पत्र दुरुस्त करून आणा, तोवर प्रवेश तात्पुरता. त्यांचं काही चुकलं नव्हतं. मला मात्र त्या दिवशी त्यांचाच राग आला होता.

मग सुरू झाल्या फेऱ्या. सिडकोतून अंबड म्हणजे दहा मिनिटं, त्यामुळे ‘जाऊन येऊ’ असं वाटायचं आणि अर्धा दिवस जायचा.

पहिल्या वेळी एचआर म्हणाले, “आमचा फॉरमॅट ठरलेला असतो. सगळ्यांना तेच पत्र.” दुसऱ्या वेळी कळलं की सही करणारे साहेब आता चाकणच्या प्लांटला बसतात आणि महिन्यातून एकदा येतात. कधी? ते येतील तेव्हा. तिसऱ्या वेळी गेलो तर एचआरच बदललेले, नव्यांना मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. चौथ्या वेळी मी गेटवर पावणेदोन तास बसलो आणि आतून निरोप आला, मेल करा. मेल केला. उत्तर नाही. पुन्हा केला. उत्तर आलं, “पत्र यापूर्वीच देण्यात आले आहे.”

जून संपता संपता शेवटी समोर बसायला मिळालं. मी सांगितलं, ऑक्टोबर २०१६ पासून मी थर्डला इन्चार्ज होतो, शिफ्ट चार्ट बघा. नवे एचआर शांतपणे म्हणाले, “ट्रेनीकडे आम्ही सुपरव्हिजन देतच नाही. पॉलिसीच नाही तशी.” मी मोबाईल काढला. दर सकाळी सहा वाजता ग्रुपवर टाकलेले प्रॉडक्शनचे आकडे, माझ्या नावाने. “व्हॉट्सअ‍ॅपचं काय, कोणीही काहीही टाकतं.” शिफ्ट चार्ट मागितले तर ते कंपनीचे गोपनीय कागद. मी बाहेर येऊन गाडीला किक मारली, ती सुरू होईना, आणि गेटवरचा वॉचमन म्हणाला, “दादा, चोक ओढा.” इतका संताप आला होता की चोकही दिसला नाही.

नंतर लक्षात आलं ते असं. एचआरला माझ्याशी वैर नव्हतं. ऑक्टोबरपासून मी सुपरवायझर होतो असं लिहून दिलं, तर अपघाताच्या रात्री चार महिन्यांच्या ट्रेनीवर प्रेस शॉप सोडलं होतं, हेही लिहून दिल्यासारखं होतं. ते कोण लिहील?

जुलै असाच गेला. संस्थेतून दोनदा फोन आले, तिसऱ्यांदा नोटीस बोर्डवर नाव लागलं, ‘कागदपत्रे अपूर्ण’. वर्गात सगळ्यांसमोर. बाबा म्हणाले, सोड ना, एजन्सीत काय वाईट चाललंय. एजन्सीत खरंच वाईट नव्हतं, म्हणून जास्त राग आला.

ऑगस्टमध्ये एक्स्लो पॉईंटजवळच्या टपरीवर आमच्या जुन्या कंपनीच्या टाइम ऑफिसचे, म्हणजे हजेरी ठेवणारे, काका भेटले. माझं सगळं रडगाणं त्यांनी चहा संपेपर्यंत ऐकलं. “मस्टर मी तुला देऊ शकत नाही बाबा, वर्षभर राहिलंय माझं रिटायर व्हायला,” म्हणाले. मग ग्लास ठेवताना म्हणाले, “पण तुला मेमो मिळाला होता ना रे, त्या बोटाच्या वेळी? त्यावर काय लिहिलंय बघ. मीच टाइप केला होता.”

घरी आलो. आई कुठलाही कागद टाकत नाही. गोदरेजच्या कपाटात वरच्या फळीवर एका साडीच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत लाइट बिलं, गॅसचं पुस्तक, माझे दहावीचे हॉल तिकीट, आणि त्यात चार घड्या घातलेला तो मेमो. घडीवर हळदीचा डाग. ‘आपण तिसऱ्या पाळीत शिफ्ट सुपरवायझर म्हणून कर्तव्यावर असताना आपल्या निष्काळजीपणामुळे...’ खाली फॅक्टरी मॅनेजरची सही, गोल शिक्का, तारीख नोव्हेंबर २०१६. तीन वर्षांपूर्वी मी ‘निष्काळजीपणा’ एवढंच वाचलं होतं.

दुसऱ्या दिवशी अर्ज केला, सोबत मेमोची झेरॉक्स. मूळ कागद नेला नाही, तुम्हीही कधी नेऊ नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर गेटवर इनवर्डचा, म्हणजे कागद मिळाल्याचा, शिक्का आणि सही घेतली. हेच मी मे महिन्यात करायला हवं होतं, तोंडी बोलून काही होत नाही. त्या दिवशी बाकावर बसलो नाही, पाच मिनिटांत आत बोलावलं. एचआरनी मेमो वाचला, परत वाचला, उठून केबिनचं दार लावलं आणि विचारलं, “पाणी घेता का?” चार महिन्यांत पहिल्यांदा.

पंधरवड्यात पत्र आलं. ‘ऑक्टोबर २०१६ ते जानेवारी २०१९, प्रेस शॉप, सुपरवायझरी कपॅसिटी.’ दोन वर्षं चार महिने. चाकणच्या साहेबांची सही कशी आली कोण जाणे. मी पपया नर्सरीजवळ गाडी थांबवून ती ओळ चार वेळा वाचली, आणि मग आनंद अर्धा झाला. तो ऑपरेटर पेठ तालुक्यातला. त्याचं पेर गेलं, ती चूक माझ्या नावावर आहे असं लिहिलेल्या कागदावर मी पात्र ठरलो. कोणत्याही इंटरव्ह्यूत मला हे सांगता आलेलं नाही.

पुढचं भराभर झालं. परीक्षा कोरोनामुळे लांबली, पास झालो, सिन्नरकडे नोकरी लागली.

नोकरीबद्दल दोन गोष्टी, कारण फोनवर तेही विचारतात. नियमाप्रमाणे सुरक्षा अधिकारी थेट कारखान्याच्या प्रमुखाच्या हाताखाली असायला हवा आणि त्याच्या कामात अडथळा येईल असं दुसरं काम त्याला द्यायचं नसतं. मला पहिल्या महिन्यात कॅन्टीन, बाग आणि युनिफॉर्म मिळाले. डाळीत झुरळ सापडलं की फोन सेफ्टीला. भांडलो तेव्हा सहा महिन्यांनी बाग गेली, कॅन्टीन अजून आहे. भाषेची अट मला तेव्हा गंमत वाटायची, मी नाशिकचाच. प्रेसवर निम्मी माणसं बिहार-उत्तर प्रदेशची आहेत, त्यामुळे सकाळचा टूलबॉक्स टॉक, म्हणजे कामाआधी सुरक्षेबद्दल दोन शब्द, हिंदीत करतो आणि ‘पुठ्ठा’ला हिंदीत काय म्हणायचं ते पहिल्या दिवशी सुचलंच नाही. गत्ता. आता झोपेतही आठवतो, कारण राऊंडला मी आधी बटणांच्या फटीत बोट घालून बघतो, मगच हेल्मेटं मोजतो.

आणि अपघात लपवायला नको म्हणा. माणूस ४८ तास कामावर येऊ शकला नाही तर तो कळवावाच लागतो. म्हणून काही ठिकाणी बँडेज बांधलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी गाडीने आणून स्टोअरमध्ये खुर्चीवर बसवतात, हजेरी लागावी म्हणून. तुम्हाला तसं करायला सांगतील. नाही म्हणायला लेखी लागतं, तोंडी नाही चालत. हे मला कोणी शिकवायला नको होतं.

हो, राजीनामा देण्याआधीच पत्राचा मसुदा स्वतः लिहून द्या, तारखांसकट, आणि ‘कारखाना’ व ‘सुपरवायझरी’ हे दोन्ही शब्द त्यात असू द्या. नोटीस पिरियडमध्ये एचआर फोन उचलतात. पीएफच्या पासबुकात सोडल्याची तारीख पडली का तेही तेव्हाच बघा, माझी पडली नव्हती.

शेवटचं, दाखला लॅमिनेट करू नका. मी आनंदाच्या भरात त्याच संध्याकाळी केला. मॅडमनी तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, “ओरिजिनल कुठंय?”