मोस्तार: पूल उभा राहिला, महापालिका रखडली

बोस्नियाची राजधानी साराएवो. तिथून सकाळच्या आगगाडीने मोस्तारला निघालो. माझी उमेदीची वर्षं नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात गेली, त्यामुळे पुलापेक्षा मला दुसरंच पाहायचं होतं. युद्धात दुभंगलेलं हे शहर बाहेरच्यांनी सावरलं. मग ते इथल्यांच्या हाती सोपवताना नेमकं अडलं कुठे?

आधी प्रवासाचं सांगतो. गाडीला दोन तास लागतात. कोन्यित्स गावापासून पुढे नेरेत्वा नदीचं हिरवं पाणी सोबतीला असतं, तेव्हा झोपू नका. दिवसाला गाड्या मोजक्याच आहेत, म्हणून परतीची वेळ उतरल्याबरोबर स्टेशनवर विचारून ठेवा. बसस्थानक शेजारीच आहे. खिशात थोडे बोस्नियन मार्क रोख असू द्या. एक युरो म्हणजे साधारण 1.96 मार्क.

बहुतेक जण स्टेशनवरून सरळ जुन्या पुलावर जातात. मीही तेच केलं आणि अर्धा दिवस गर्दीत घालवला. तुम्ही आधी श्पान्स्की त्रग गाठा. इथे जिवाला मुकलेल्या स्पॅनिश शांतिसैनिकांच्या नावाचा हा चौक. लगतचा बुलेवार रस्ता म्हणजे 1993 मधली क्रोएट आणि बोस्नियाक (बोस्नियन मुस्लिम) फौजांमधली युद्धरेषा, आणि तिथल्या काही भिंतींवर गोळ्यांची भोकं अजून आहेत. चौकातल्या जुन्या माध्यमिक शाळेची इमारत सुंदर दुरुस्त केली आहे. आत मात्र क्रोएट आणि बोस्नियाक मुलं वेगवेगळे अभ्यासक्रम शिकतात. मी तिथे बराच वेळ थांबलो. इमारत एक झाली, वर्ग झाले नाहीत, हे पाहून जीव कळवळला.

जुलै 1994 मध्ये युरोपीय संघाने शहराचा कारभार हाती घेतला. प्रशासक होते हान्स कोश्निक, ब्रेमेनचे माजी महापौर. पाणी, शाळा, पूल ही कामं पुढे सरकली. पण फेब्रुवारी 1996 मध्ये त्यांनी दोन्ही बाजूंना सामाईक असा मोठा मध्यवर्ती भाग आखला, तेव्हा जमावाने त्यांची गाडी घेरली. तो भाग नंतर छोटा करण्यात आला आणि कोश्निकनी पद सोडलं. माझ्या मते खरी फूट इथेच पडली. नळ कुठून जाणार यावर माणसं तडजोड करतात. सत्तेची हद्द कुठे यावर तेवढ्या सहज करत नाहीत. त्यांच्या आराखड्यात या दुसऱ्या प्रश्नाला पुरेसा वेळच नव्हता.

पुढे 2004 मध्ये पॅडी अ‍ॅशडाउन यांनी, म्हणजे शांतता करारावर देखरेख ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय उच्च प्रतिनिधींनी, सहा पालिका मोडून एक शहर केलं. त्याच वर्षी 23 जुलैला जुना पूल पुन्हा खुला झाला. 1566 चा हा पूल 9 नोव्हेंबर 1993 ला तोफगोळ्यांनी कोसळला होता. तो त्याच जातीच्या स्थानिक दगडात पुन्हा घडवला. महापालिकेचं मात्र तसं झालं नाही. निवडणुकीचे नियम घटनाबाह्य ठरले, पक्षांचं एकमत होईना, आणि 2008 नंतर थेट 20 डिसेंबर 2020 लाच मतदान झालं. मधली कित्येक वर्षं निवडून आलेली नगरपरिषदच नव्हती. इर्मा बारालिया या स्थानिक महिलेने स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली आणि 2019 मध्ये निकाल मिळवला, तेव्हा कुठे चक्र फिरलं. पुलाइतकंच तिचं नावही इथे येणाऱ्याला ठाऊक असायला हवं.

पुलावर संध्याकाळी उशिरा जा. दगड गुळगुळीत आहेत, पकड असलेले बूट घाला. पडक्या इमारतींत शिरू नका. शहराबाहेरच्या डोंगरात पायवाट सोडू नका, कारण बोस्नियात सुरुंग अजून पूर्ण निघालेले नाहीत. कुणालाही 'तुम्ही कोणत्या बाजूचे' असं विचारू नका. कचरा कोण उचलतं, आग लागली तर बंब कुठून येतो, हे विचारा. माणसं मोकळेपणाने बोलतात, आणि शहर कुठे कुठे जोडलं गेलं नाही ते तुम्हाला त्यातूनच कळतं.

एका दिवसात हे होत नाही. निदान दोन मुक्काम ठेवा.