मार्चमधला चिखल

शिकागोकडच्या मराठी मंडळींत मार्चअखेर ‘स्टार्व्ह्ड रॉकला जाऊ या का?’ असा विषय निघाला, की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘मे महिन्यात बघू, जरा हिरवं तरी होऊ दे.’ त्यांचं ऐकू नये. इलिनॉय नदीकाठच्या या स्टेट पार्कात मऊ वालुकाश्मात पाण्याने कोरलेल्या १८ घळी आहेत. त्यांतले धबधबे बर्फ वितळताना आणि पावसानंतर वाहतात. भर उन्हाळ्यात बरेचदा कातळावर ओला डाग तेवढा उरतो. आपल्याकडे धबधबा आणि हिरवाई एकदमच येतात. इथे पाणी असतं तेव्हा झाडं उघडीबोडकी. पण त्यामुळेच कड्यावरून नदी सलग दिसते.

फुलंही याच दिवसांतली. ब्लडरूटची कळी स्वतःच्याच पानात गुंडाळलेली वर येते, ऊन पडलं की पांढरीशुभ्र उमलते, ढगाळ हवेत मिटून बसते आणि दोन-चार दिवसांत गळते. वर झाडांना पालवी फुटून सावली धरायच्या आत या रोपांना वर्षभराची बेगमी करायची असते, म्हणून सगळी घाई.

आता चिखल. वरचा थर वितळलेला, खालची जमीन अजून गोठलेली. पाणी मुरणार कुठे? सकाळी आठला टणक असलेली वाट अकरापर्यंत राबडी होते, म्हणून लवकर निघावं. चिखल आला की मधूनच चालावं. बूट वाचवायला कडेने गेलं की वाट रुंदावत जाते आणि पायाखाली येतात ती नेमकी वर सांगितलेली फुलं. वॉटरप्रूफ बूट, लोकरीचे मोजे आणि मोज्यांचा एक जादा जोड झिपलॉकमध्ये. जीन्स नकोच, ओली झाली की दिवसभर वाळत नाही.

घळीत ऊन पोचत नाही. बाहेर चिखल असताना आत पायऱ्यांवर काचेसारखा बर्फ असू शकतो, तेव्हा बुटांवर चढवायचे खिळ्यांचे पट्टे पाठपिशवीत हवेत. कोरड्या दगडावर मात्र ते काढावेत, घसरतात. कड्याला लटकलेल्या बर्फाच्या खांबाखाली फोटोला उभं राहू नये. ऊब वाढली की तो आगाऊ सूचना न देता कोसळतो.

दहा-बाराजणांच्या गटात पुढे एक आणि सगळ्यांत मागे एक माहीतगार असावा. प्रत्येक फाट्यावर थांबायचं. एरवी पुढे पोचलेले लोक पाच मिनिटं दम खातात आणि शेवटचा पोचला रे पोचला की उठून निघतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची खरी गरज, त्यालाच ती मिळत नाही. शेवटचा आल्यावर घड्याळ लावून पाच मिनिटं बसावं. डब्यात पोळीभाजीची गुंडाळी बरी, हातमोजे न काढता खाता येते.

चढावर आधाराला झाडाचं खोड धरण्याआधी बघून घ्यावं. त्याला केसाळ दोरखंडासारखी वेल चिकटलेली असेल तर ती पॉयझन आयव्ही. पानं नसतानाही अंगावर पुरळ उठवते. गोचिड्याही थंडी ओसरताच जाग्या होतात. पँट मोज्यांत खोचावी, घरी आल्यावर गुडघ्यामागे, कमरेला, केसांत तपासावं. चिकटलेली सापडलीच तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. तेल, पेटती काडी, नेलपॉलिश असले घरगुती उपाय करू नयेत.